सतरा ते एकशेबारा

ज्या दिवशी कचेरीत ते परिपत्रक फिरलं, त्या दिवशी देवरामराव खैरनार रजेवर असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत देवरामरावांनी रजा कधी मागितलीच नव्हती. मागणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे ते जागेवर होते, आणि परिपत्रक त्यांच्या टेबलावर आलं.

मजकूर साधा होता. कचेरीला यंदा, म्हणजे एकोणऐंशी साली, पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती. प्रत्येक कर्मचाऱ्याने ‘मला घडवणारे विचारवंत, लेखक व कलावंत’ या विषयावर दोन पानं लिहून पंधरा दिवसांत संपादक झुंबर सोनवणे यांच्याकडे द्यावीत. खाली टीप होती: ज्यांचा उल्लेख कराल त्यांचं पूर्ण नाव द्यावं, बिननावाचा मजकूर छापला जाणार नाही.

आता आपल्याकडे माणूस कोणी घडवलाय हे त्याला सहसा माहीत नसतं, आणि माहीत असलं तर ते छापण्यासारखं नसतं. कचेरीत तीन दिवस नुसती पळापळ झाली. खुद्द झुंबरने घरापासून कचेरीपर्यंत सायकलवर येताना लागणाऱ्या चौकांच्या पाट्यांवरची नावं उतरवली आणि त्या सर्वांनी आपल्याला घडवलं असं लिहून टाकलं. एकूण नऊ थोर पुरुष निघाले. वाटेत एक चौक बिननावाचा होता म्हणून, नाहीतर दहा झाले असते.

देवरामराव मात्र परिपत्रक वाचून सुखावले. इतके की त्यांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारने त्यांना येणारा प्रश्न विचारला होता.

कारण देवरामरावांना घडवणारा लेखक एकच होता आणि त्याचं पुस्तकही एकच होतं. नोकरी लागायच्या आधी, नांदगावच्या स्टेशनात पॅसेंजरची वाट बघत असताना त्यांना ते बाकाखाली सापडलं होतं. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, पहिली सोळा पानं नव्हती. सतराव्या पानापासून ते सुरू होई आणि एकशेबाराव्या पानावर ‘असा मनुष्य अंती सुखी होतो’ या वाक्याला संपे. चोवीस वर्षांत देवरामरावांनी त्याची पारायणं केली होती. घरात त्याला ‘ग्रंथ’ म्हणत, आणि संसारातला कोणताही पेच आला की देवरामराव पान नंबर सांगत.

उदाहरणार्थ पान बावीस: ‘उभ्या असलेल्या मनुष्यास बसलेल्या मनुष्यापेक्षा दूरचे दिसते. सबब आपली जागा दुसऱ्यास द्यावी.’ चोवीस वर्षं देवरामराव एसटीत उभे होते. पान एकतीस: ‘कोणी आपल्या पायावर पाय दिला असता ओरडू नये. पाय त्याचा आहे. तो त्यास केव्हातरी लागणारच व तो उचलून नेईलच.’ शेजारचे कारभारी आहेर दरसाल शेतावरून आलेल्या कांद्याच्या गोण्या देवरामरावांच्या दारात रचत, त्या या पानाच्या आधाराने. अशोकस्तंभाजवळच्या त्या दोन खोल्यांत शिरायला खैरनार कुटुंबाला फाल्गुनापासून दिवाळीपर्यंत आडवं व्हावं लागे. पान चौसष्ट: ‘दुसऱ्याचा समज खोडून काढू नये. समज हे त्याचे धन आहे. ते काढून घेणे ही चोरी होय.’ आणि मुकुटमणी म्हणजे पान अठ्ठ्याऐंशी: ‘योग्य मनुष्यास जग शोधीत येते. सबब त्याने एका जागी स्वस्थ बसावे. हिंडत राहिल्यास चुकामूक होते.’

या पानापायी देवरामराव बावीस वर्षं कनिष्ठ लिपिक होते. वरिष्ठ लिपिकाची जागा तीनदा रिकामी झाली आणि तीनदा दुसऱ्याला गेली. लोक हळहळत, काही हसतही. हसणाऱ्यांचं देवरामरावांना वाईट वाटे, हे कबूल करायला हवं. पण घरी येऊन ते पान अठ्ठ्याऐंशी उघडत आणि त्यांना बरं वाटे. आपण मागे पडलेलो नाही, आपण एका मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून थांबलेलो आहोत, एवढं समाधान त्यांना पुरत होतं. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंही.

म्हणून लेख त्यांनी एका संध्याकाळी लिहिला. सात पानं झाली, त्यांची चंद्रभागाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दोन करून दिली. दुसऱ्या दिवशी झुंबरने तो वाचला आणि म्हणाला, “खैरनार, लेख फर्स्ट क्लास आहे. पण लेखकाचं नाव कुठंय?”

“ते पान नाही.”

“मग नियमात बसत नाही. मी प्रेसला देतो मजकूर, नावापुरती जागा कोरी ठेवतो. दहा दिवसांत नाव आणा. नाहीतर तुमच्या जागी तेलाच्या घाण्याची जाहिरात जाईल.”

एरवी देवरामरावांनी घाण्याला जागा दिली असती, पान बावीसप्रमाणे. पण या वेळी त्यांच्या मनात एक नवंच काहीतरी झालं. ज्याच्या शब्दावर आपण उभं आयुष्य काढलं, त्याच्या नावाशेजारी एकदा आपलं नाव छापून यावं. मग हसणाऱ्यांना कळेल की हा माणूस बावळट नव्हता. एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती हवी असल्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

बातमी बिऱ्हाडांत पसरली आणि सल्ले सुरू झाले. कारभारी आहेर हे एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही प्रश्नावर कुठली गाडी किती वाजता सुटते ते ठाऊक असे. आपल्याच गोणीवर बसून ते म्हणाले, “खैरनार, एवढं लय मनावर घेऊ नका. एखादं भारदस्त नाव टाका. कोण बघाया येतंय?”

“खोटं कसं लिहू?”

“मग आधी ते पुस्तक बांधून घ्या नीट. असली लक्तरं दाखवून कोण नाव सांगंल तुम्हाला? कपडे बघूनच माणसाला बोलावत्यात.”

हा सल्ला देवरामरावांना पटला. दुसऱ्या दिवशी ते भद्रकालीच्या बाजारात बद्रुद्दीन बाइंडरकडे गेले. बद्रुद्दीनने ग्रंथ हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, दोन पानं उलटली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“साहेब, बुरा मत मानो. हे पुस्तक नाय.”

“म्हणजे?”

“पुस्तकाचा मधला तुकडा हाय. हे बघा, पुस्तक फॉर्म्यांचं बनतं. सोळा पानांचा एक फॉर्मा. प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. इथं दोन. इथं तीन. इथं चार.”

ते आकडे देवरामरावांनी चोवीस वर्षं पाहिले होते. त्या त्या पानाचं वजन दाखवण्यासाठी लेखकाने ते घातलेत अशी त्यांची समजूत होती, आणि सात आकडा असलेलं पान ते नेहमी हात धुऊन वाचत.

“दोन ते सात, सहा फॉर्मे तुमच्याकडे,” बद्रुद्दीन म्हणाला. “पहिला गेला. आणि सातच्या पुढं अजून माल होता. हा धागा बघा, तुटलाय, संपला नाय. आणि कुठं ‘समाप्त’ लिवलंय का?”

“पण शेवटचं वाक्य पुरं आहे. ‘असा मनुष्य अंती सुखी होतो.’”

“वाक्य पुरं झालं म्हंजे पुस्तक पुरं झालं काय?” बद्रुद्दीन म्हणाला. “मी अर्धं पुस्तक बांधत नाय. गिऱ्हाईक नंतर येऊन भांडतं.”

गिऱ्हाईक भांडणारं नव्हतं, हे त्याला काय ठाऊक. देवरामरावांचा चेहरा पडलेला पाहून त्याने चहा मागवला आणि आपल्याला कोणी घडवलं तेही सांगितलं. मालेगावला त्याच्या लहानपणी एक बहुरूपी यायचा. कधी फौजदार, कधी तहसीलदार. लोक ओळखून हसायचे, तरी तो सोंग शेवटपर्यंत नेई आणि मग सरळ हात पुढे करी. “काम पूरा करायचं आणि मग हात पुढं करायचा, साहेब. लाजायचं नाय. मी तेवढंच शिकलो. त्याचंही नाव मला म्हाईत नाय.” देवरामरावांना तो विचार फारच हलका वाटला. ग्रंथातल्या एकाही पानाशी तो जुळत नव्हता.

आता नावाबरोबर उरलेलं पुस्तकही शोधणं आलं. आठ दिवस राहिले होते. देवरामराव वाचनालयात गेले. तिथे यशोदाबाई कुलथे नावाच्या बाई बसत. त्यांच्या मागे कार्डांचे खण होते आणि पुढे एक घंटा होती, जी त्या आवाज वाढला की वाजवत.

“लेखकाचं नाव?” यशोदाबाईंनी विचारलं.

“तेच शोधायला आलोय.”

“कार्डं लेखकाच्या नावाने लावलीत. नाव कळलं की या.”

“नाव कळलं तर यायची गरजच...” एवढं बोलून देवरामराव पान चौसष्ट आठवून थांबले. समज खोडणं ही चोरी होती. त्यांनी नम्रपणे विचारलं, “मी स्वतः कपाटं पाहिली तर चालेल का?”

“सभासद असाल तर.”

सभासद व्हायला दोन जामीन हवे होते, आणि ते दोघेही पाच वर्षं जुने सभासद हवे होते. अर्ज फक्त मंगळवारी घेत. त्या दिवशी बुधवार होता. देवरामरावांनी पुढच्या मंगळवारपर्यंत दोन जामीन गाठले, ते कसे हे सांगत बसलो तर ही गोष्ट आणखी चार पानं वाढेल. मंगळवारी अर्ज दिला. यशोदाबाईंनी तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, “आता झालात सभासद. पण कपाटं सभासदांनाही उघडून देत नाही. फक्त आत काम करणारे बघतात.”

“गेल्या बुधवारी तर तुम्ही म्हणालात, सभासद असाल तर.”

यशोदाबाईंनी घंटा वाजवली.

देवरामराव घरी आले ते आडवे होऊन दारातून शिरले आणि तसेच आडवे झाले. दोन दिवस उरले होते. चंद्रभागाबाई काही बोलल्या नाहीत. त्या सहसा बोलत नसत. देवरामरावांना त्यांचा हा गुण फार आवडे. ग्रंथातल्या बाईच जणू.

पण बाहेर गोणीवरून कारभारी बोलले. “वाचून तरी दावा एखादं पान. आयकू द्या काय हाय त्यात एवढं.”

देवरामरावांनी झोपूनच पान एकतीस पाठ म्हणून दाखवलं. ते ‘पाय त्याचा आहे’ इथवर आले आणि कारभारी एकदम उठून उभे राहिले.

“अहो, हे तर आमच्या गोराणे मास्तरांचं पुस्तक! येवल्याला साळंत होतो तेव्हा मास्तर वाचून दावायचे शनिवारच्या दिशी. आमी हसून हसून लोळायचो.”

“हसायचात?” देवरामरावांनी उठून बसत विचारलं.

“लय. मास्तर वारले, पण त्यांच्या मंडळी आक्काबाई हायेत अजून. सकाळी सहा वीसची गाडी धरा, निफाड, विंचूर, येवला. पावणेनऊला पोचता.”

देवरामराव हरखले. मुलं हसली याचं त्यांना नवल वाटलं नाही. खेड्यातली शाळकरी पोरं, त्यांना एवढं खोल काय कळणार. आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज त्यांनी कारभारींच्या हाती कचेरीत पाठवला, तोही असा लिहिला की तो अर्ज आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये. त्यामुळे त्या दिवशी ते गैरहजर लागले.

येवल्यात गोराणे मास्तरांचं घर विणकरांच्या आळीत होतं. शेजारी हातमागाची खटखट चालू होती. आक्काबाई ओट्यावर बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, कानाने जरा जड. देवरामरावांच्या हातात पिशवी आणि खिशाला पेन पाहताच त्या उठल्या.

“आलात का? सहा महिने झाले वाट बघतीया. बघा, हाय मी जिती. चांगली हिंडती-फिरती हाय. लिवा.”

मास्तरांच्या पेन्शनीसाठी त्या जिवंत आहेत का हे पाहायला साहेब आलाय, असा त्यांचा समज झाला होता. दुसऱ्याचा समज म्हणजे त्याचं धन. देवरामराव दोन पायांवर चुळबुळले आणि लिहू लागले. ‘श्रीमती आक्काबाई गोराणे यांना मी आज समक्ष पाहिले. त्या जिवंत आहेत.’ खाली त्यांनी सहीही केली. मग आक्काबाईंनी ओटा उतरून चढून दाखवला. शेजारच्या दोन बायका साक्षीला आल्या. तिसरी म्हणाली, आमच्या सासूबाईंचंबी लिवा. देवरामरावांनी तिचंही लिहिलं. दुपारपर्यंत त्या आळीतल्या चार म्हाताऱ्या त्यांच्या सहीने जिवंत झाल्या होत्या, आणि पुस्तकाचा विषय त्यांच्या ओठाशी येऊन तीन कप चहाबरोबर परत गेला होता. मागायचं कसं हेच त्यांना येत नव्हतं.

शेवटी आक्काबाईंनीच पिशवीतून डोकावतंय ते काय म्हणून विचारलं, तेव्हा देवरामरावांनी पान एकतीस मोठ्याने म्हणून दाखवलं. “हे कुठं घावलं तुमाला? आमच्याकडं आख्खं हाय की.”

आत जाऊन त्यांनी पैठणीच्या जुन्या फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं. जाडजूड, पुठ्ठ्यासकट.

“मास्तर गेल्यापास्नं कोणी मागितलंच नाय. मागितलं असतं तर दिलं असतं. न्या. मला काय वाचता येतंय?”

देवरामरावांना रडू आलं. ते आक्काबाईंच्या पाया पडले. परतीची गाडी सुटत होती म्हणून त्यांनी पुस्तक तसंच छातीशी धरून स्टँड गाठला. गाडी भरली होती. एक जागा मिळाली, ती त्यांनी विंचूरला चढलेल्या एका धडधाकट पैलवानाला दिली आणि दांड्याला हात अडकवून, उभ्यानेच, पुठ्ठा उघडला.

पुस्तकाचं नाव होतं ‘भिडस्तांचा समाचार’. लेखक रा. भि. कोठुळेकर.

नाव जरा विचित्र वाटलं, पण असेल काही खोल अर्थ, म्हणून त्यांनी प्रस्तावना वाचायला घेतली. ‘या ग्रंथाच्या पूर्वार्धात भिडस्त, बुळ्या व पडखाऊ मनुष्याची मते मी त्याच्याच तोंडी घातली आहेत. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते मांडावे व मग ते खोडावे, ही आपल्याकडील जुनी चाल होय. कोणी हे पुस्तक अर्धेच वाचील अशी धास्ती मित्रांनी घातली. परंतु ही मते इतकी उघड वेडगळ आहेत की ती खरी मानणारा मनुष्य महाराष्ट्रात निघेल असे मला वाटत नाही.’

देवरामरावांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. गाडी खड्ड्यातून गेली, पैलवान झोपेत त्यांच्या पायावर पाय देऊन बसला होता. त्यांनी पान एकशेतेरा काढलं.

‘येथवर भिडस्तांचा पक्ष झाला. इतका वेळ वाचकांनी रागावून पुस्तक फेकून दिले नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आता एकेक पान घेऊन या मूर्खपणाचा समाचार घेतो.’

आणि घेतला होता. पान बावीसचा, एकतीसचा, चौसष्टचा. ‘पाय त्याचा असेल, परंतु बोटे आपली आहेत.’ अठ्ठ्याऐंशीचा सर्वांत शेवटी: ‘जग कोणास शोधीत येत नाही. जगास तितका वेळ नाही. एका जागी बसून राहिलेल्या मनुष्यास जग खांब समजते व त्यास गुरे बांधते.’

निफाड आलं आणि गेलं. देवरामरावांना काही दिसत नव्हतं. चोवीस वर्षं ज्याच्या सांगण्यावरून आपण थांबलो, तो माणूस पुढच्याच पानावर आपल्याला शिव्या देत उभा होता. कचेरीत हसणारे बरोबर होते. येवल्याची शाळकरी पोरं बरोबर होती. दहा-बारा वर्षांची पोरं जे ऐकून लोळत होती, ते आपण हात धुऊन वाचत आलो. देवरामरावांना इतकं लाजिरवाणं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि भर गाडीत त्यांच्या तोंडून “अरेरे” असं मोठ्याने निघालं. कंडक्टरला वाटलं स्टॉप चुकला. त्याने घंटी मारून त्यांना शहराच्या बऱ्याच अलीकडे, आडगावलाच उतरवलं. देवरामरावांनी त्याचा समज खोडला नाही, आणि उरलेली वाट ते चालत आले.

त्या चालण्यात मात्र त्यांनी ठरवलं. लेख परत घ्यायचा. छापून आला तर कोठुळेकरांचं पुस्तक वाचलेला एखादा तरी माणूस निघेल, आणि मग सेवानिवृत्तीपर्यंत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सरळ साहेबांकडे जायचं आणि मागायचा. उत्तरार्धात पान एकशेचाळीसवर कसं मागायचं तेही दिलं होतं: ताठ उभे राहावे, नजरेस नजर द्यावी, पहिल्याच वाक्यात काय पाहिजे ते सांगावे.

सकाळी देवरामराव कचेरीप्रमुख पुणतांबेकर साहेबांच्या खोलीत गेले. ताठ उभे राहिले. नजरेस नजर दिली. तोंड उघडलं.

“बसा, खैरनार,” साहेब म्हणाले. त्यांच्यापुढे स्मरणिकेची प्रुफं होती आणि डोळे ओले होते. “तुमचा लेख वाचला. बावीस वर्षं तुम्ही माझ्या खोलीबाहेर बसता, आणि मला पत्ता नाही आत काय माणूस आहे त्याचा.”

“साहेब, तो लेख मला...”

“नावाचं म्हणताय ना? सोनवणे म्हणत होता, नाव नाही. मी म्हटलं, अशा माणसाला नाव कशाला पाहिजे? ‘एक अज्ञात महात्मा’ असं घाला. नियम मी बघतो. झाली छपाई सुरू.”

“साहेब, पण मला...”

“थांबा. तुमच्यापासून लपवणार नाही.” साहेबांनी चष्मा पुसला. “परवा वरिष्ठ लिपिकाच्या जागेची फाईल आली. यादीत पहिलं नाव तुमचं. शिफारस करून सहीसाठी पेन उघडलं होतं मी. तेवढ्यात हे प्रुफ आलं. वाचलं आणि माझा हात थांबला. म्हटलं, ज्या माणसाने इच्छाच जिंकली, त्याला मी खुर्चीचा मोह घालू? पाप लागेल मला. सोनवणेला दिली जागा. तो साधा संसारी माणूस, त्याला असल्या गोष्टींचं सुख वाटतं.”

खोलीत पंखा फिरत होता. आता म्हणायचं वाक्य देवरामरावांना स्पष्ट दिसत होतं, ‘मला ती जागा पाहिजे’, चार शब्दांचं. ते घशापर्यंत आलंही. तिथून पुढे त्याला रस्ता माहीत नव्हता.

“आभारी आहे, साहेब,” ते म्हणाले.

बाहेर झुंबर पेढे वाटत होता. देवरामरावांनी एक घेतला. त्याने दुसरा दिला, तोही घेतला.

संध्याकाळी घरी चंद्रभागाबाई ते पूर्ण पुस्तक घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी देवरामरावांनी त्यांना ग्रंथ वाचून दाखवला होता, तेव्हापासून त्या तो ऐकत होत्या. आज सुरुवातीची पानं वाचताना त्यांना दोनदा हसू आलं, ते पदराने दाबलं. मग त्या हसायच्या थांबल्या. साहेबांच्या खोलीत काय झालं ते देवरामरावांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

“फसवलं गं या कोठुळेकराने मला,” ते शेवटी म्हणाले.

“त्याने कुठे फसवलं? त्याने पुढे लिहून ठेवलं होतं सगळं.”

“तुला कधी वाटलं नाही, की हे काहीतरी चुकतंय?”

“वाटलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून देवरामरावांना ते जास्त लागलं. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, “उद्या पुन्हा जा साहेबांकडे. जागा गेली तर गेली. पण सांगून या, मला पाहिजे होती म्हणून.”

“तोंडातून निघत नाही गं.”

“इथे म्हणून बघा. माझ्यापुढे. म्हणा, मला पाहिजे.”

देवरामरावांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना ते. “मला पाहिजे,” ते हळूच म्हणाले.

“मोठ्याने.”

“मला पाहिजे!”

“काय पाहिजे?”

देवरामरावांनी तोंड उघडलं. जागा तर गेलीच होती. तिच्यापलीकडे काय ते आठवायला त्यांनी मनात शोधलं. खूप मागे, नांदगावच्या स्टेशनाच्याही मागे जाऊन पाहिलं. एकेकाळी पुष्कळ काही होतं, एवढं आठवत होतं. काय होतं ते आठवत नव्हतं. वय अठ्ठेचाळीस, आणि स्वतःला काय हवं हे सांगता येत नव्हतं.

चंद्रभागाबाईंनी पुस्तक कोनाड्यात ठेवून दिलं.

“राहू दे,” त्या मग म्हणाल्या. “तुमचं आठवेल तेव्हा आठवेल. मला विचारा.”

“तुला? तुला काय पाहिजे?”

“कागद घ्या,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “तोंडी तुमच्या लक्षात राहायचं नाही.”

देवरामरावांनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि डावीकडे समास सोडला. चंद्रभागाबाईंना आठवावं लागलं नाही. पहिली गोष्ट लग्नाच्या तिसऱ्या दिवसाची होती.